पोत्यात काय असन?

अंगणवाडीच्या मंदाबाई झाडे पालीला इतक्या भ्यायच्या, की भिंतीवर पाल दिसली की हातातली पळी तिथंच टाकून थेट अंगणात धाव घ्यायच्या. अंगानं भक्कम, आवाजानं मोठी, पन्नाशीतली बाई. केसांना नेमानं काळी मेंदी लावणारी, ऑफिसातल्या माणसांशी कंबरेवर हात ठेवून भांडणारी. पण पाल म्हटली की "अगं माय वं, आली, आली!" असं ओरडत बाहेर, आणि मागून अंगणवाडीतली सगळी लेकरं टाळ्या पिटत बाहेर.

खरी गंमत त्यानंतर असे. दम खाली बसला की बाई लेकरांसमोर आपला हात धरत.

"पाहा, कसा थरथर करून राह्यला. मले भेव वाटलं. आता माया संगं कोण येते? ते काय खाते ते पाहू."

मग एकमेकांचे सदरे धरून आगगाडी आत जाई. लेकरं पुढं, बाई सगळ्यांत मागं, डोळे मिटून.

"दिसली का रे?"

"दिसली बाई. मच्छर खाल्ला तिनं!"

"पाय किती हाये तिले? नीट मोजा. मी नाई पाहत."

"ज्याचं भेव नाई वाटत त्याले दुरून पाह्यलं तरी चालते," असं त्या म्हणायच्या. "ज्याचं भेव वाटते त्याच्या जवळ जा लागते."

एका लेकराच्या आईनं एकदा दारातूनच विचारलं, "अन् साप असला तं वं बाई?"

"साप, विहीर अन् लाईटचे तार, यायले हा कायदा नाई लागू," बाई म्हणाल्या. "तिथं मले बलवायचं. मी तुमच्या आंधी पळीन."

अशी ही बाई. आमच्या गावात आज तिच्याबद्दल वेगळंच सांगतात. तिनं परक्या माणसाच्या हाती लेकरू दिलं, पोत्यात घालू दिलं, म्हणून तिला कामावरून काढलं, असं सांगतात. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांनाही आता हेच ठाऊक आहे. मला खरं ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. हे लिहिताना माझाही हात थरथरतो आहे. ज्यांना हे आवडणार नाही ती माणसं रोज माझ्या घरासमोरून जातात. पण माझं वय आता असं आहे, की आणखी थांबलो तर हे सांगायला कोणी उरणार नाही.

आमचं गाव वर्ध्याहून आर्वीकडे जाताना आंजीच्या अलीकडं लागतं. मी एसटीच्या आर्वी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. माइकवरून गाड्या पुकारण्यात माझी नोकरी गेली. माझा आवाज असा, की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला माणूसही पिशवी उचलून धावत सुटे. त्या आवाजाचा मला अभिमान होता. निवृत्त झाल्यावर गावी आलो. अंगणवाडीच्या इमारतीचं छत गळत होतं म्हणून माझ्या घराची पुढची खोली अंगणवाडीला दिली. ओसरीवर माझी खुर्ची आणि खिडकीच्या आत मंदाबाईंचा कारभार. मधे एक भिंत.

बाईंची रजिस्टरं कधीच वेळेवर भरलेली नसत. दुपारी लेकरं गेली की त्या भिंतीला टेकून घोरत, आणि रात्रीच्या मालिकेतल्या सासूला दुसऱ्या दिवशी मदतनीस बाईंसमोर मोठ्यानं शिव्या घालत. लेकरांचं वजन मोबाईलमध्ये भरायचं काम त्यांना जन्मात जमलं नाही. ऑफिसात त्यांचं नाव काही चांगलं नव्हतं. ते पुढं त्यांना भोवलं.

आणखी एक खोड होती. लेकरानं काही विचारलं की त्या उत्तर देत नसत.

"मले नाई माहीत बाप्पा. कोणाले माहीत असन?"

मग ज्याला माहीत असेल त्याच्या दारात वरात. एकदा एका पोरानं विचारलं, गिरणीतलं पीठ गरम काऊन असते? वरात गिरणीवर. गिरणीवाला पट्टा लावत होता, तो वैतागला. "काऊन म्हणजे? पीठ गरमच असते." बाई म्हणाल्या, "पण काऊन?" मग बाईंनी सगळ्यांना तळहात एकमेकांवर घासायला लावले. "घासा. जोरानं घासा. आता गालाले लावा." गिरणीवाल्यानंही पिठाचे हात घासून गालाला लावले आणि मिशा पांढऱ्या करून हसला. पुढं दोन दिवस लेकरं दिसेल ते घासत सुटली. माझ्या खुर्चीचा हातसुद्धा त्यांनी घासून गरम करून दाखवला.

माझी नात सानू त्यांतलीच एक. मुलगा प्रकाश बुटीबोरीच्या कारखान्यात, सून वर्ध्याला कपड्यांच्या दुकानात. दोघंही सकाळीच निघत. माझी बायको गेलेली. त्यामुळे सानू दिवसभर माझ्या ताब्यात. जेवायला त्रास द्यायची. एक दिवस मी आमच्या घरातला जुनाच उपाय काढला.

"जेव मुकाट्यानं. नाई तं पोत्यावाला येईन अन् पोत्यात घालून घेऊन जाईन."

माझी आई मला हेच म्हणायची. मी प्रकाशला हेच म्हणत आलो. एकदा तर दारात खरंच पोतं आणून ठेवलं होतं. तो मुकाट्यानं जेवला आणि पुढंही मुकाटाच राहिला. आज चाळिशीत आहे, साहेबानं सांगितलं की मान हलवतो, का म्हणून विचारत नाही.

सानूच्या तोंडाशी घास नेला तोच मंदाबाई ओले हात पदराला पुसत ओसरीवर आल्या.

"कोणता पोत्यावाला, काकाजी? मले नाव सांगा त्याचं."

"अहो बाई, लेकराले काहीतरी सांगाच लागते."

"ते खरं. पण येते कुठून तो? अन् त्याच्या पोत्यात काय असते?"

"पोरं असते."

"तुम्ही पाह्यले?"

एव्हाना खिडकीच्या गजांना सगळी लेकरं लटकली होती. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. डेपोत हजार माणसं माझं ऐकायची, इथं मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"काकाजीनं नाई पाह्यलं," बाईंनी निकाल दिला. "आपण पाहू."

आणि त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. "भंगाऽऽर" अशी हाक आली की लेकरं घराच्या कोपऱ्यात दडत, तो हाच माणूस. त्याला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं, पोतं मधोमध ठेवलं. बाईंनी कायदा सांगितला: आधी सांगा, मग वरून हात लावा, मग उघडून पाहा. सांगितल्याशिवाय पोतं उघडायचं नाही.

"पोत्यात काय असन?"

"भूत!" "पोट्टा!" "वाघ!" सानू म्हणाली, "हत्ती."

वरून हात लावला तेव्हा वाघाचे पत्रे झाले आणि भुताची सायकलची चेन झाली. आत पंख्याचं पातं, बाहुलीचा एक पाय आणि कोणाची तरी कढई निघाली. त्याची हाक आली की घरी पिठाच्या कोठीमागं लपणारं एक पोरगं होतं. ते पंख्याचं पातं डोक्यावर धरून अंगणभर फिरलं. भंगारवाला बिचारा म्हणाला, "बाई, आजपर्यंत लेकरं मले पाहून पळत होते."

त्यानंतर पोतं घेऊन रस्त्यानं जाणारा माणूस सुटला नाही. कांदेवाला, झाडूवाला, पोस्टमनची थैली, लसवाल्या नर्सबाईची पेटी. लेकरं लांबूनच ओरडत, "पोत्यात काय असन?" आणि माणसं आपणहून थांबत. सानूचं उत्तर दर वेळी हत्ती. हत्ती कधी निघाला नाही, पण तिनं आशा सोडली नाही. तिचं एक वेगळं होतं. वस्तू बाहेरून पाहून तिचं समाधान होत नसे. "आतून कसं दिसते?" हा तिचा प्रश्न. रिकाम्या हंड्यात डोकं घाल, माझी छत्री उघडून तिच्याखाली बस, कपाटात शिरून दार लावून घे. बाई हसून म्हणत, "काकाजी, ही पोट्टी एक दिवस ढगात शिरते पाहा."

पोतं घेऊन येणाऱ्यांत एक म्हातारा होता. उईकेबाबा. कारंज्याकडच्या जंगलातल्या गावाचा. उन्हाळ्यात टेंबरं, म्हणजे तेंदूची पिवळी फळं, पुढं बिब्बे, डिंक असं पोत्यात घालून पायी फिरे. घरी गोंडी बोलायचा, आमच्याशी मोजकी मराठी. पहिल्यांदा आला तेव्हा लेकरांनी उत्तर सांगेपर्यंत त्यानं पोत्याचं तोंड मुठीत धरून ठेवलं आणि गालातल्या गालात हसत राहिला. मग टेंबरं वाटली आणि सानूच्या हातावर एक जास्तीचं ठेवून म्हणाला, "हत्तीचं." दुसऱ्या खेपेला लेकरं त्याला टेंबरंबाबाच म्हणू लागली.

आता त्या वैशाखातल्या एका सकाळची गोष्ट.

त्याआधीचे काही दिवस गावाच्या मोबाईल ग्रुपवर संदेश येत होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे. अंगावर मळके कपडे, खांद्यावर पोतं. सोबत फोटो असत, कुठले ते देव जाणे. कोणी म्हणे आर्वीकडं पोरगं गेलं, कोणी म्हणे सिंदी मेघेत दोघं पकडले. विचारायला गेलं तर कोणाच्या ओळखीतलं काही नसे. मी मंदाबाईंना वाचून दाखवलं. त्यांचंही तोंड उतरलं.

"भेव तं मलेही वाटते, काकाजी. पण ज्यानं धाडलं त्याले विचारा न, पोरगं कोणाचं गेलं म्हणून."

मी विचारलं नाही. रात्रंदिवस वाचत मात्र राहिलो. बाजेवर पडलो की डोळ्यांसमोर पोतं यायचं आणि त्या पोत्यातून सानूचा पाय बाहेर आलेला दिसायचा.

त्या सकाळी उईकेबाबा आले. मी त्यांना येताना पाहिलं. "रामराम" म्हटलं, त्यांनीही म्हटलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तो माणूस कोण, हे मला ठाऊक होतं. लेकरांनी पोतं ओळखलं, टेंबरं वाटली गेली, पोतं रिकामं झालं. मदतनीस बाई त्या दिवशी रजेवर होत्या. बाई म्हणाल्या, "बाबा, बसा जरा. खिचडी खाली लागन, पाह्यतो अन् पाणी आणतो." त्या आत गेल्या. मी खुर्चीत मोबाईल हातात धरून बसलो होतो. उन्हानं डोळा लागला.

जाग आली ती सानूच्या किंकाळीनं. आज मला ठाऊक आहे, ती हसण्याची किंकाळी होती. समोर उन्हात मळकट धोतरातला माणूस वाकलेला, हातात पोत्याचं तोंड, आणि पोत्यात माझ्या नातीचा पाय आत जात होता. निळी चप्पल.

रिकाम्या पोत्यात ती स्वतःहून शिरली होती. आतून कसं दिसते ते पाहायला. तिच्यानंतर पाळी असलेली लेकरं रांगेत उभी होती. ती रांगही मला दिसत होती. डोळ्यांना सगळं दिसलं आणि तरी मी ओरडलो.

"पोत्यावाला! पोट्टी नेली! धावा!"

डेपोतला आवाज. रस्त्याच्या मोडावरच्या पानठेल्यावर पोरं बसली होती, त्यांच्यापर्यंत गेला. माझ्या आवाजावर माणसं आयुष्यभर धावत आली होती, तशीच ती धावली. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात ठेल्याचा बांबू. लेकरं किंचाळत खोलीत पळाली.

पुढचं मी ओसरीवरून पाहिलं.

पहिली काठी पडली तेव्हा उईकेबाबांनी पोतं उचलून भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पाठ करून त्यावर वाकले. दोन्ही हातांनी भिंत धरली. पोरं ओरडत होती, "सोड! लेकरू सोड!" ते सोडत नव्हते. गावात आजही हेच सांगतात, की तो म्हातारा मार खाऊनही लेकरू सोडेना, इतका पक्का चोर. मी पाहिलं ते असं, की ते बाजूला झाले असते तर बांबू पोत्यावर पडला असता. त्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सकाळीच रामराम केला होता. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

बाई खिचडीची पळी हातात घेऊन बाहेर आल्या. पालीला पाहून अंगणात पळणारी ती बाई बांबूंच्या खाली शिरली आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर पालथी पडली.

"मारू नका! माया पाहुणा हाये! मी बलावला! पोट्टी आत हाये रे, हरामखोरहो, पोट्टी आत हाये!"

एक घाव त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. तेव्हा कुठं काठ्या थांबल्या.

पोत्यातून काहीच आवाज येत नव्हता. बाईंनी एका हातानं पोत्याचं तोंड उघडलं. सानू गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. डोळे उघडे. रडत नव्हती. फ्रॉक ओला झाला होता.

उईकेबाबा वाचले. वर्ध्याला दवाखान्यात बरेच दिवस होते. हात वाकडाच राहिला आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं, असं नंतर कळलं. आमच्या गावात ते पुन्हा आले नाहीत.

त्याच संध्याकाळी पानठेल्यावरचा एक पोरगा माझ्याकडे आला. माझ्याच चुलत घरातला. पायाशी बसला.

"काकाजी, पोलीस विचारून राह्यले. तुम्ही आमचं नाव नका घेऊ. आमी तुमचं नाई घेत."

मी मान हलवली. प्रकाशनं विचारलं, "बाबा, आंधी कोण ओरडलं?" त्यानं काही विचारावं ही किती वर्षांनी आलेली वेळ! मी म्हणालो, "गर्दीत कोण ओरडलं, काय माहीत." मला भीती वाटली, पोलिसांची, त्या पोरांची, आणि सगळ्यांत जास्त याची, की खरं कळलं तर प्रकाश सानूला माझ्याजवळ ठेवणार नाही.

काही दिवसांनी ऑफिसातून सुपरवायझर मॅडम आणि त्यांच्या वरचे एक साहेब चौकशीला आले. माझ्याच ओसरीवर बसले. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला.

"काकाजी, तुम्ही घरमालक. तुम्ही होते ना तिथं?" मॅडमनी विचारलं. "हा प्रकार झाला तेव्हा बाई कुठं होत्या?"

"आत होत्या."

"म्हणजे लेकरांजवळ नव्हत्या. आणि मुलीला पोत्यात कोणी घातलं?"

बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या पाहण्यात राग नव्हता. लेकरू उत्तर शोधत असलं की त्या जसं थांबत, तशा थांबल्या होत्या.

"त्यानं घातलं," मी म्हणालो. "त्या माणसानं."

साहेबांनी मान डोलावली. रजिस्टरं अपुरी होतीच. परक्या माणसांना अंगणवाडीत बोलावण्याची परवानगी बाईंनी कोणाची घेतलेली नव्हती. इतकी बोलणारी बाई, त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "लेकरायले इचारा न, मॅडम." लेकरांना कोणी विचारलं नाही. बाईंना कामावरून कमी केलं.

सानू पुन्हा हिंडू-फिरू लागली. जेवू लागली, अगदी मुकाट्यानं. फक्त डोक्यावरून फ्रॉक घालू देईना. कापड तोंडावर आलं की अंग ताठ करून श्वास धरायची. सुनेनं तिचे सगळे कपडे बदलले, पुढून बटणं असलेले आणले. हंड्यात डोकं घालणं संपलं. कपाटाचं दार उघडं दिसलं की ती दुसऱ्या खोलीत जायची. आणि ती काही विचारत नसे. काहीच नाही. घरात इतकी शांतता मी प्रकाशच्या लहानपणी पाहिली होती आणि तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं.

मंदाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते थंडी सुरू झाली तेव्हा. अंगणवाडी आता शाळेच्या वर्गात गेली होती. खोलीत बाईंचं स्वतःचं सामान राहिलं होतं: लाकडी ठोकळे, एक रबरी चेंडू, लेकरांचे डबे-झाकणांचे वाजवायचे खेळ, गिरणीवरून आणलेला तुटका पट्टा. त्या सिंदी मेघेला बहिणीकडं राहायला निघाल्या होत्या. केसांची मेंदी उतरून मुळं पांढरी दिसत होती. मनगट जरा वाकडं. सामान भरायला त्यांनी एक पोतं आणलं होतं. दुसरं आणणार काय?

भरलेलं पोतं ओढत त्या ओसरीवर आल्या आणि थांबल्या. दाराच्या चौकटीत सानू उभी होती. पोत्याकडे पाहून तिचं अंग ताठ झालं होतं.

बाईंनी पोतं खाली ठेवलं, तिच्यापासून लांब फरशीवर बसल्या आणि आपला वाकडा हात पुढं धरला. हात थरथरत होता. मुद्दाम नव्हे.

"सानू, पाह्य. मलेही आता पोत्याचं भेव वाटते."

सानू हलली नाही.

"पोत्यात काय असन?"

आम्ही तिघं थांबलो. सानूनं हत्ती म्हटलं नाही. बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी भ्यालेली बाई मी बांबूंच्या खालीसुद्धा पाहिली नव्हती.

मग त्या उठल्या. पोतं फरशीवर पालथं केलं. ठोकळे, झाकणं, चेंडू सगळं गडगडत बाहेर आलं. पोत्यात हात घालून त्यांनी ते उलटं केलं, आतली बाजू बाहेर, शिवणीचे धागे आणि कोपऱ्यातला कचरा उन्हात. चांगलं झटकलं आणि कपडे वाळवायच्या दोरीवर टाकून दिलं. सामान दोन्ही हातांत कवटाळलं, चेंडू हनुवटीखाली धरला. पायऱ्या उतरताना माझ्यापाशी थांबल्या.

"तुम्हाले भेव वाटलं न, काकाजी, त्या दिवशी?"

मी मान हलवली.

"मले आवाज द्यायचा होता. संगं पाह्यलं असतं."

आणि त्या गेल्या. थांब्यापर्यंतच्या रस्त्यावर एक झाकण पडलं, ठणठणत गेलं. त्या वाकल्या तर ठोकळा पडला. तो उचलायला गेल्या तर चेंडू सुटला. पानठेल्यावरची पोरं पाहत होती, कोणी उठलं नाही. त्यांनी एकेक वस्तू गोळा केली आणि थांब्यावरच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

सानू कधी माझ्याजवळ आली ते कळलं नाही. ती दोरीवरच्या पोत्याकडं पाहत होती.

"आजोबा, बाईनं पोतं काऊन नाई नेलं?"

किती महिन्यांनी विचारलेला प्रश्न. तो मला विचारला होता. वर्ध्याकडं जाणारी गाडी मोडावर दिसत होती. मी पायरीवर बसलो.

"सानू, त्या दिवशी टेंबरंबाबानं तुले पोत्यात नव्हतं घातलं. तू आपल्या मनानं गेलती. अन् ओरडलं ते..."

"मले माहीत हाये," सानू म्हणाली. "तुम्ही ओरडले. आतून काई दिसत नाई, आजोबा. पण आयकू येते."

थांब्यावर गाडी थांबली. कंडक्टरनं खाली वाकून बाईंच्या हातातले ठोकळे आधी आत घेतले, मग झाकणं, मग चेंडू. शेवटी बाई चढल्या. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसेल म्हणून मी उठून उभा राहिलो, पण त्या पलीकडच्या बाजूला बसल्या असाव्यात.